नायकाला काय हवंय? एका संहितेचं प्रकरण

इंदूरच्या राजेंद्रनगर भागातल्या एका हौशी नाट्यगटाने गणेशोत्सवासाठी पाऊण तासाची एकांकिका लिहून घेतली. विषय असा: सोळा वर्षांचा स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलगा पहिल्यांदाच एकटा सिटी बसने शहरात जातो. लेखिका बँकेतून निवृत्त झालेल्या. गटात लहानथोर सगळे त्यांना ताई म्हणतात. मी विशेष शिक्षिका आहे आणि तालमींना जाऊन बसायची मला हौस आहे, म्हणून संहिता माझ्याकडे आली. ‘ऑटिझमबद्दल काही चुकीचं गेलं असेल तर पेन्सिलीने खूण कर’, एवढंच काम होतं. तसल्या चुका थोड्याच निघाल्या. अडचण दुसरीकडेच होती, आणि ती सुटेपर्यंत संहितेतला मुलगा, त्याची आई आणि शेवटचा प्रवेश, सगळंच बदललं.

संबंधितांना विचारून लिहिते आहे. नावं कुणाचीच देत नाही. एकांकिकेतल्या मुलाला ‘नायक’ म्हणेन आणि ज्या सतरा वर्षांच्या मुलाने ही संहिता वाचली त्याला नुसतं ‘मुलगा’.

पहिला खर्डा

नायकाला कुठलीही तारीख सांगा, तो वार सांगतो. बाटल्यांची झाकणं ओळीने मांडतो, हात हलवतो, नजर देत नाही. बाबा कायम दौऱ्यावर. शेजारचे काका ‘याला कुठेतरी ठेवा आता’ असं दोनदा सुचवतात. मग एका संध्याकाळी आईला चक्कर येते, घरातलं औषध संपलेलं असतं, आणि नायक आयुष्यात पहिल्यांदा एकटा बस पकडून राजवाड्याजवळच्या दुकानातून औषध आणतो. काका डोळे पुसतात. पडदा.

ताईंचा हात लिहिता आहे. आईच्या तोंडचं ‘माझ्यामागे याचं काय, हा प्रश्न मी रोज कणकेबरोबर मळते’ हे वाक्य वाचनाच्या वेळी ऐकलं आणि दोन बायका उठून बाहेर गेल्या. गणपतीच्या मांडवात ते हमखास टाळी घेणार, यात शंका नव्हती.

मी पहिली खूण केली ती वार सांगण्यावर. १९८८ च्या ‘रेन मॅन’ सिनेमात डस्टिन हॉफमनचा स्वमग्न रेमंड जमिनीवर सांडलेल्या टूथपिक क्षणात मोजतो. तेव्हापासून पडद्यावरच्या स्वमग्न माणसाला काहीतरी अचाट यायलाच हवं, असा जणू नियम झाला. प्रत्यक्षात बहुतेकांना असलं काही येत नाही. तरी लेखकांना ते सोडवत नाही. या पोराला सांभाळताना घराने एवढं सोसलं, त्याची भरपाई म्हणून काहीतरी चमत्कार प्रेक्षकाच्या पदरात टाकावा लागतो. आणि एवढं करून रेमंड शेवटी कुठे जातो? ज्या संस्थेतून आला त्याच संस्थेत परत. त्याच्या सहवासात भाऊ बदलतो, माणूस होतो. रेमंड होता तिथेच राहतो. आमच्या खर्ड्यातही बदलत होते ते काकाच.

ताईंनी वार सांगणं एका फटक्यात काढून टाकलं. मला वाटलं, आता झाकणांचे रंग आणि हातांच्या हालचाली तेवढ्या पाहायच्या राहिल्या.

वाचन

आमच्या दिग्दर्शकाची जुनी सवय आहे. पहिल्या वाचनाला तो प्रत्येक नटाला विचारतो, ‘या प्रवेशात तुला काय हवंय?’ आईचं काम करणारी म्हणाली, दोन तास सलग झोप. काका म्हणाले, पोराने भिंतीवर ठोकणं थांबवावं. औषधाच्या दुकानदाराला सगळी मिळून तीन वाक्यं होती, पण त्यालाही ठाऊक होतं की दुकान बढवून घरी जायचंय. नायकाचं काम करणारा कॉलेजातला पोरगा मात्र अडला. पानं उलटीसुलटी केली आणि म्हणाला, ‘त्याला दाखवायचंय की तो करू शकतो.’

‘कुणाला?’

‘सगळ्यांना. आईला. काकांना.’

‘बरं. आणि त्याला स्वतःला काय हवंय?’

यावर ताईच म्हणाल्या, ‘अरे, त्याला काय हवंय ते तो सांगू शकत नाही, तोच तर विषय आहे!’

मला वाटतं, या प्रकरणाची गाठ इथे आहे. संहितेत नायकाच्या सवयी पानभर होत्या आणि त्या बऱ्याचशा बरोबर होत्या. पण सवयींची यादी निदानाच्या कागदावरही असते. स्वभाव त्यातून होत नाही. या मुलाला कोण आवडतं, कशाचा कंटाळा येतो, तो कुठे खोटं बोलेल, कशासाठी हट्ट धरेल, यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. आणि ज्याला काही हवंच नाही, तो स्वतंत्र होणार तरी कशासाठी? मग तो आईच्या औषधासाठीच बाहेर पडणार, म्हणजे दुसऱ्याचं काम करून ‘बघा, मी उपयोगाचा आहे’ म्हणणार. सोळा वर्षांचा दुसरा कुठला मुलगा अशा कामासाठी पहिल्यांदा एकटा बाहेर पडतो? तो मित्राकडे जातो, सिनेमाला जातो, घरी सांगता येणार नाही अशा ठिकाणी जातो.

दिग्दर्शकाने मार्क हॅडनच्या २००३ च्या ‘द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’ या कादंबरीचं नाव काढलं, कारण पंधरा वर्षांच्या ख्रिस्तोफरचा स्विंडनहून लंडनला एकट्याने केलेला रेल्वेप्रवास त्यात आहे. ‘ताई, आपलीही गोष्ट तीच.’ माझ्या मते नाही. ख्रिस्तोफरला कुणालाही काही दाखवायचं नसतं. शेजारणीचा कुत्रा आपल्या वडिलांनीच मारला हे त्याला कळतं, त्यांची भीती वाटू लागते, आणि मेली असं ज्या आईबद्दल सांगितलं गेलं ती लंडनमध्ये जिवंत आहे, म्हणून तो निघतो. त्या प्रवासाला त्याचं स्वतःचं, फार निकडीचं कारण आहे. वाचकाला ते पाऊल धीराचं वाटतं. ख्रिस्तोफरला मात्र दुसरी वाटच दिसत नसते. त्या कादंबरीवर स्वमग्न वाचकांचे आक्षेप आहेत आणि त्यातले बरेच मला पटतात. हॅडन यांनी स्वतः म्हटलं आहे की ते पुस्तक ॲस्पर्जरविषयी, म्हणजे ऑटिझमच्या त्या प्रकाराविषयी, नाही. पण ‘त्याला काय हवंय’ या प्रश्नाला तिथे पानोपानी उत्तर आहे. शेवटी तो आपण काय काय केलं ते मोजून ‘म्हणजे मी काहीही करू शकतो’ असं ठरवतो. सायमन स्टीफन्सच्या २०१२ च्या नाट्यरूपात तेच त्याच्या शिक्षिकेला प्रश्न म्हणून विचारलं जातं आणि ती उत्तर देत नाही. कादंबरीपेक्षा मला तो शेवट जास्त आवडतो.

मी ताईंना आणखी एक गोष्ट सांगितली, फ्रान्सिस्को स्टॉर्कच्या ‘मार्सेलो इन द रिअल वर्ल्ड’ची (२००९). सतरा वर्षांचा मार्सेलो वडिलांच्या आग्रहाखातर उन्हाळाभर त्यांच्या वकिली कंपनीत टपालाच्या खोलीत काम करतो. ‘खऱ्या जगात’ निभावलंस तर शाळा तुझ्या मनासारखी, असा सौदा. तिथे त्याला एका जखमी मुलीचा फोटो सापडतो, आणि ती कुठल्या प्रकरणातली हे शोधताना तो अशा निर्णयाशी येऊन पोचतो की न्यायाने वागायचं तर वडिलांच्या विरोधात जावं लागेल. तो जातो. वडिलांनी त्याला ज्या जगात ढकललं, तिथेच त्याने वडिलांना न रुचणारी गोष्ट केली.

ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. ‘म्हणजे मी याला आईच्या विरुद्ध उभा करू? लोक चपला मारतील.’

समासातल्या नोंदी

हा वाद आमचाआमचा चालला होता आणि त्यात स्वमग्न माणूस एकही नव्हता. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाला मी संहिता वाचायला देऊ का, असं विचारलं. तो बोलतो कमी, मोबाइलवर टाइप करतो भरभर. घरात मराठी, बाहेर हिंदी, दहावी मुक्त विद्यालयातून. त्याच्या आईला आनंद झाला. मुलाने विचारलं, ‘किती पानं?’ आणि हो म्हटलं.

त्याच्या नोंदी मी जशाच्या तशा देते.

‘झाकणांचे रंग लिहिले नाहीत.’

‘हात हलवतो तेव्हा दुःखी का? मी छान वाटलं की हलवतो.’

‘ही बस राजवाड्याला जात नाही.’

‘काका शेजारी आहेत. आईला चक्कर आली तर त्यांना का नाही सांगितलं?’

‘त्याला बस आवडते का?’

बसच्या नोंदीवर सगळे हसले. ताईंनी संहितेत आयबस लिहिली होती, आणि ती राजीव गांधी चौकातून एबी रोडने निरंजनपूरकडे जाणारी. काकांच्या नोंदीवर कुणी हसलं नाही. कारण पोराने कथानकाचा खिळाच उपटला होता. नायकाला स्वतंत्र दाखवायचं म्हणून आम्ही आजूबाजूच्या सगळ्या माणसांना निकामी करून ठेवलं होतं. बाबा दौऱ्यावर, काका तिरसट, फोन कुणी करत नाही, १०८ ची गाडी कुणाला आठवत नाही. खऱ्या आयुष्यात आईला चक्कर आली तर भिंतीपलीकडच्या काकांना हाक मारणं हेच शहाणपणाचं. तसं करायला शिकण्यात आमच्या विद्यार्थ्यांची वर्षं जातात. मदत कधी, कुणाकडे, कोणत्या शब्दांत मागायची हे स्वावलंबनातलं सगळ्यात अवघड प्रकरण आहे, आणि आमच्या एकांकिकेत ती मागितली असती तर नायक हरला असता! आपल्या घरातला कोणता सतरा वर्षांचा मुलगा मदतीवाचून राहतो? डबा आई भरते, फी बाबा भरतात, गाडी बंद पडली की मामाला फोन जातो. त्याला कुणी परावलंबी म्हणत नाही.

ताईंनी मुलाला भेटायची इच्छा सांगितली. त्याने रविवारी सकाळी पोह्याच्या ठेल्यावर बोलावलं.

पोह्याचा ठेला

या ठेल्याची हकीकत मला त्याच्या मोठ्या बहिणीकडून आधीच माहीत होती. मुलाला पोहे आवडतात, वरचा जीरावन मसाला चालतो, पण वर सेव टाकलेली चालत नाही. सेव नरम पडली की त्याच्या तोंडात ती टिकत नाही. इंदूरमध्ये सेवेशिवाय पोहे मागणं म्हणजे ठेलेवाल्याचा जवळजवळ अपमान, त्यामुळे त्याचा हात आपसूक सेवेच्या डब्याकडे जातो. सुरुवातीला मुलगा प्लेट न उचलताच निघून यायचा. मग बहिणीने लिहून दिलेली चिठ्ठी दाखवायचा. मग ‘अलग’ एवढं म्हणायला लागला. बहीण आधी शेजारी उभी राहायची, नंतर रस्त्यापलीकडच्या रसाच्या गुऱ्हाळापाशी, आणि आता घरीच थांबते. आमच्या व्यवसायात हेच करतात. कामाच्या पायऱ्या पाडायच्या, एकेक शिकवायची आणि आधार हळूहळू काढून घ्यायचा. बहिणीने कुठलं प्रशिक्षण घेतलेलं नाही. तिला रविवारी झोपायचं होतं.

ताई गेल्या त्या दिवशी ठेल्यावर नवीन पोरगा होता. त्याने सवयीने वर सेव भुरभुरली. मुलाने प्लेट घेतली, पाहिली, परत ठेवली. ‘सेव अलग.’ पोरगा म्हणाला, ‘अरे भिया, खा लो, ताज़ी है.’ मुलगा तिथेच उभा. मागची रांग कुरकुरायला लागली. कुणीतरी म्हणालं, ‘दे दे यार इसको, टाइम खराब कर रहा है.’ ताई सांगतात की त्यांचा हात पर्सकडे गेला होता, आपणच दुसरी प्लेट घ्यावी आणि प्रकरण मिटवावं म्हणून. त्यांनी तो मागे घेतला. दुसरी प्लेट आली, सेव कागदावर वेगळी. मुलाने पैसे दिले, उरलेले मोजून खिशात टाकले आणि हात हलवत ताईंकडे आला.

त्या सकाळी त्याने ताईंना बसबद्दलही सांगितलं. बस त्याला आवडते, पण मागच्या खिडकीची जागा मिळाली तरच. २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर एबी रोडवरचा बीआरटीएसचा, म्हणजे आयबससाठी राखून ठेवलेला, मार्ग काढायला सुरुवात झाली आणि त्याचं जाणं-येणं तुटलं. जिथे उभं राहायचं ठरलं होतं ते सगळं हललं. जमलेली गोष्ट काही आठवडे पुन्हा अजिबात जमेना. बहिणीने नवीन जागेचे फोटो काढून आणले, तेव्हा पुन्हा सुरू झालं. कथा-कादंबऱ्यांत ही मागची पावलं फारशी सापडत नाहीत. तिथे मुलगा एकदा बसमध्ये चढला की कायमचा चढला.

तालमीत मुलगा एकदाच आला. ट्यूबलाइटच्या चोकचा आवाज त्याला सहन होईना, म्हणून खुर्ची दारात ओढून बसला. नायकाचं काम करणारा पोरगा सिनेमांतून उचललेली तिरपी मान आणि यंत्रासारखा आवाज घेऊन उभा होता. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की दारातला मुलगा आपल्याकडे अजिबात पाहत नाहीये, पण आपलं प्रत्येक वाक्य ओठातल्या ओठात म्हणतोय. दुसऱ्या दिवसापासून मान सरळ झाली.

शाल आणि श्रीफळ

प्रयोगाच्या आठवडाभर आधी गटाच्या अध्यक्षांनी ठरवलं की शेवटी मुलाचा आणि त्याच्या आईचा रंगमंचावर शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. आईने होकार दिला. मुलाने टाइप केलं: ‘टाळ्या नको. नाटक बघायला येईन. मागे बसेन.’

आईने समजूत घातली. अरे, पाच मिनिटांचं तर काम आहे, सगळे इतक्या प्रेमाने करताहेत. त्याने पुन्हा तेच वाक्य दाखवलं. गटातले काही जण दुखावले, आणि एक-दोघांनी ‘त्याला काय कळतंय त्यातलं’ असंही म्हणून घेतलं. मला स्पष्ट लिहायला हरकत नाही की सत्कार गटाला हवा होता. मुलगा त्यात वस्तूसारखा आणला जाणार होता, नारळाबरोबर. ज्या लोकांनी महिनाभर स्वमग्न मुलाच्या स्वातंत्र्यावर तालीम केली, त्यांना त्याच मुलाचं ‘नको’ ऐकवेना.

याच सुमारास त्याची आई पालकत्वाचे कागद जमवत होती. मुलाला लवकरच अठरा पूर्ण होतील. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात ऑटिझम येतो आणि त्याखाली कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती सज्ञान झालेल्या व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमू शकते. आईचं म्हणणं खोटं नाही. बँकेचं खातं, इस्पितळातली सही, उद्या घराची वाटणी, सगळीकडे ‘तुम्ही कोण?’ विचारतात. पण तोच कायदा समितीला आधी हे तपासायला सांगतो की या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि असेल तर कोणत्या कामांपुरती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं मर्यादित पालकत्वही त्याच दिशेचं आहे: व्यक्तीशी बोलून, ठराविक बाबीपुरतं आणि ठराविक काळापुरतं. आईला मी एवढंच म्हटलं की अर्जातल्या ‘कोणत्या कामांसाठी’च्या रकान्यात ‘सर्व’ लिहिण्याआधी त्याला विचारा. कागद अजून कपाटात आहेत. सध्या बँकेत संयुक्त खात्याची चौकशी चालली आहे आणि सही कशी करायची याचा सराव.

सत्कार रद्द झाला. ताईंनी त्यानंतर शेवटचे दोन प्रवेश पुन्हा लिहिले.

नव्या संहितेत आईला चक्कर येत नाही. नायकाला दर रविवारी बसच्या मागच्या खिडकीत बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन यायचं असतं. मोठ्या बहिणीने त्याला मार्ग शिकवलेला आहे. त्या रविवारी घरी पाहुणे येतात, आई ‘आज नाही’ म्हणते आणि विसरून जाते. तो जातो, न सांगता. पुढची पंधरा मिनिटं रंगमंचावर आई सैरभैर आहे आणि तो दुसऱ्या कोपऱ्यात खिडकीत मजेत बसलेला आहे. दोन्ही एकाच वेळी दिसतात. काका येतात आणि म्हणतात, ‘मी पाहिलं की त्याला थांब्यावर. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.’ नायक परत येतो. आई चिडते, तोही चिडतो, चांगला ओरडतो. शेवटी आई म्हणते, ‘पुढच्या वेळी सांगून जा.’ तो चप्पल जागेवर ठेवत म्हणतो, ‘पुढच्या रविवारी जाणार आहे.’ पडदा.

पहिल्या खर्ड्याइतक्या टाळ्या पडल्या नसाव्यात. कॉलनीतल्या एका आजोबांनी ‘पण शेवटी त्याने केलं काय?’ असं विचारलं. मुलगा मागे बसून पाहत होता. मध्ये एकदा बाहेर जाऊन आला.

आक्षेप आला तो एका वडिलांकडून, आणि तो वजनदार होता. त्यांचा स्वमग्न मुलगा नऊ वर्षांचा, दोनदा घरातून निघून गेलेला, एकदा रात्री रेल्वे रुळांपाशी सापडलेला. ‘तुम्ही न सांगता जाणं रंगवून दाखवता. आमच्या घरी काय होईल?’ यावर कलेचं स्वातंत्र्य वगैरे सांगणं निर्दयपणाचं झालं असतं. नऊ वर्षांच्या मुलाचं भटकत जाणं आणि शिकवलेल्या मार्गाने सोळा वर्षांच्या मुलाचं मुद्दाम जाणं या दोन गोष्टी निराळ्या आहेत. पण तो फरक प्रेक्षकाला दिसायला हवा होता, आणि आमच्याकडे तो बहिणीच्या एका वाक्यात उरकला होता. ताईंनी आता बहिणीचा स्वतंत्र प्रवेश लिहिला आहे: ती एकेका फेरीला एकेक थांबा मागे राहते, आणि शेवटच्या फेरीला उतरताना घाबरलेली आहे.

त्यामुळे एकांकिका लांबली. डिसेंबरात दुसऱ्या कॉलनीत प्रयोग आहे आणि आयोजकांना ती पाऊण तासातच हवी आहे. दिग्दर्शकाने डॉक्टरांचा प्रवेश काढला, ज्यात ऑटिझम म्हणजे काय ते आईला, म्हणजे प्रेक्षकांना, समजावून सांगितलं जातं. डॉक्टरांचं काम करणारे गृहस्थ नाराज आहेत. त्यांना कंडक्टर केलं आहे.